नाव न घेतलेला कीचक

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव कुठेही येत नाही. मंचावर विराट आहे, सैरंध्रीच्या वेषातली द्रौपदी आहे, कंकाच्या वेषातला धर्मराज आहे, बल्लवाच्या वेषातला भीम आहे आणि कीचक आहे. विराटपर्वाची कथा ज्याने लहानपणी घरी ऐकली आहे त्याला ही सगळी माणसे ओळखीची. तरीही १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा कीचक कोण, हे कोणाला विचारावे लागले नाही. भीम म्हणजे जहाल, धर्मराज म्हणजे मवाळ, द्रौपदी म्हणजे हा देश, आणि विराट म्हणजे दूर लंडनला बसलेले, आपल्याच अधिकाऱ्यापुढे हात टेकलेले सरकार. ही जुळणी नाटकात लिहिलेली नाही. ती प्रेक्षकांनी केली, गावोगाव केली आणि शेवटी सरकारनेही तशीच केली. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली ती त्यामुळे.

सत्ताधाऱ्याला किंवा विरोधकाला इतिहासातल्या जुलमी माणसाच्या पंक्तीला बसवणे हा आता आपल्या राजकारणाचा रोजचा व्यवहार झाला आहे. २०१४ च्या विधानसभा प्रचारात उद्धव ठाकरे यांनी दिल्लीहून महाराष्ट्रात उतरलेल्या नेत्यांना अफजलखानाच्या फौजेची उपमा दिली. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत भाजपच्या अधिवेशनात अमित शहा यांनी ठाकरे यांना औरंगजेब फॅन क्लबचे प्रमुख म्हटले. पंधरवडा उलटायच्या आत, पुण्यातच, ठाकरे यांनी शहांना अहमदशहा अब्दालीचे राजकीय वंशज ठरवले. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ यांनी देवेंद्र फडणवीस यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि वादळ उठले. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. हिटलरचे नाव तर कोणत्याच पक्षाला वर्ज्य नाही.

या प्रत्येक वेळी चर्चा एकाच वळणाने जाते. अपमान झाला की नाही, माफी मागणार की नाही, गुन्हा दाखल होणार की नाही. वाहिन्यांवर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते बसतात, आवाज चढतात, आणि आठवडाभरात नवे नाव येते. पण ती तुलना मुळात जमली आहे का, ऐकणाऱ्याला आधी न दिसलेले काही तिने दाखवले का, हे कोणी विचारत नाही. मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुलना करणे हे साहित्याचे फार जुने काम आहे. ते किती अवघड असते, त्यात किती ताकद असते आणि किती धोका असतो, हे एकाच ठिकाणी पाहायचे तर ‘कीचकवधा’कडे यावे लागते. आणि ‘कीचकवधा’चे नशीब समजून घ्यायचे तर नाशिकला यावे लागते.

खाडिलकरांपुढे निवडायला जुलमी माणसांची कमतरता नव्हती. रावण होता, कंस होता, दुर्योधन-दुःशासन होते. इतिहासातला अफजलखान तर हाताशी होता, आणि त्याचे नाव घेण्याची किंमतही त्यांना ठाऊक होती. शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या निमित्ताने ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरूनच १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. हे सगळे बाजूला ठेवून खाडिलकरांनी कीचक घेतला. नाटककाराची सारी बुद्धी मला या निवडीत दिसते.

कीचक राजा नाही. तो राजाचा मेहुणा आणि सेनापती आहे. लंका रावणाची होती. मत्स्यदेश मात्र कीचकाचा नाही, तो विराटाचा आहे. सिंहासनावर बसलेल्या दुबळ्या माणसाने जी सत्ता मोकाट सोडली, ती हा वापरतो. कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. दुष्काळाच्या जखमा भरल्या नव्हत्या तेव्हा, १९०३ च्या जानेवारीत, त्याने दिल्ली दरबाराचा थाट मांडला. १९०५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्यनिष्ठेचा आदर्श हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा, असे सांगून त्याने सुशिक्षितांच्या जिव्हारी घाव घातला. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. या माणसाला रावण म्हटले असते तर ती शिवी झाली असती आणि तिथेच संपली असती. कीचक म्हटल्यावर त्याच्या पाठीमागचा विराट दिसायला लागतो. एका माणसाचा उद्दामपणा हा विषय उरत नाही. तो उद्दामपणा कोण चालू देतो, हा विषय होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. नाटक मंचावर आले तेव्हा कर्झन हिंदुस्थान सोडून गेला होता, त्याला वर्षाहून जास्त काळ लोटला होता. निघून गेलेल्या व्हाइसरॉयवर तोंडसुख घेण्यात कोणता पराक्रम? पण विराटाचा दरबार होता तसाच होता. म्हणून नाटक शिळे झाले नाही. व्यक्तीवर बेतलेली तुलना त्या व्यक्तीबरोबर निवृत्त होते. नात्यांवर बेतलेली टिकते.

आता कथेच्या गाभ्यातला प्रसंग जवळून पाहू. खाडिलकरांनी तो ज्या विराटपर्वातून उचलला, तिथे तो असा आहे. कीचकाच्या तावडीतून सुटून सैरंध्री राजसभेकडे धावत येते. तो मागून येतो, तिचे केस धरतो आणि राजाच्या डोळ्यांदेखत तिला लाथ मारतो. सभा भरलेली आहे. धर्मराज तिथे आहे, भीमही आहे. भीम रागाने बाहेरच्या एका थोरल्या झाडाकडे पाहू लागतो. त्या नजरेचा अर्थ धर्मराजाला कळतो. तो भीमाला हळूच आवरतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणतो, की आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोस की काय, मग बाहेर जाऊन शोध. सभेला वाटते स्वयंपाक्याला झापले. भीमाला कळते की थांबायला सांगितले.

द्रौपदी राजाला जाब विचारते. तुझ्यासमोर हे घडले आणि तू बसून राहिलास, हा राजाचा धर्म नव्हे. विराटाचे उत्तर मी कितीदा वाचले असेल, आणि दर वेळी तितकेच बोचते. तो म्हणतो, तुमचे भांडण माझ्यामागे काय झाले ते मला माहीत नाही, खरे काय ते कळल्याशिवाय मी न्याय कसा करू? लाथ त्याच्या समोर बसली आहे. तो समोरचे सोडून मागचे विचारतो. सभासद द्रौपदीची स्तुती करतात, कीचकाला नावे ठेवतात आणि आपापल्या जागी बसून राहतात. मग येतो सगळ्यांत अवघड क्षण. धर्मराजाच्या कपाळावर रागाने घाम आलेला आहे, आणि तो आपल्याच बायकोला सांगतो की तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडतेस, राजसभेत चाललेल्या द्यूतात विघ्न आणतेस, तू राणीकडे जा. हस्तिनापुरात ज्याने द्यूतात तिला पणाला लावले, त्याच्याच तोंडी पुन्हा द्यूताचा शब्द यावा आणि तिचे रडणे हे नाटक ठरावे, यापेक्षा क्रूर वाक्य महाभारतात थोडी असतील. आणि तेही त्याने तिला वाचवण्यासाठीच उच्चारलेले.

या प्रसंगात कीचकाने एक लाथ मारण्यापलीकडे फार काही केलेले नाही. बाकी सारे काम इतरांचे आहे. राजा कायद्याची सबब सांगतो, सभा तोंडदेखली हळहळते, शहाणा माणूस वेळ नव्हे म्हणतो, बलवान माणूस झाडाकडे बघत राहतो. जुलमी माणसाची गोष्ट सांगायची म्हणून व्यासांनी जुलमी माणसावरचा प्रकाश असा काढून घेतला आणि सभेवर टाकला. ‘कीचकवधा’ची कल्पना ज्या क्षणी खाडिलकरांच्या मनात आली असेल, त्या क्षणी त्यांना कर्झनपेक्षा ही सभा जास्त स्पष्ट दिसली असणार, अशी माझी खात्री आहे.

दुहेरी बोलणे हे तर या कथेचे अंगच आहे. पांडव अज्ञातवासात आहेत. खरे नाव बाहेर पडले तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून प्रत्येक वाक्य दोन कानांसाठी आहे: एक अर्थ सभेला, दुसरा आपल्या माणसाला. १९०७ सालच्या मराठी लेखकाचीही हीच अवस्था होती. राजद्रोहाचे कलम डोक्यावर होते, १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा होता. त्या लेखकाने अज्ञातवासाचीच कथा घ्यावी आणि ती स्वतः अज्ञातवासात राहूनच सांगावी, हे रूप आणि आशय यांचे दुर्मीळ एकजीव होणे आहे. खाडिलकरांना या अवस्थेचा अनुभव घरबसल्या आलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी ते काही काळ नेपाळात राहिले होते, वरवर कौलांचा कारखाना काढून. आतला हेतू शस्त्रांचा होता. वेष पालटून राहणे, एक सांगणे आणि दुसरे करणे, कोण ओळखेल याची धास्ती बाळगणे, हे त्यांनी जगून पाहिले होते. बल्लवाची घुसमट कागदावर उतरवायला त्यांना कल्पनाशक्ती ताणावी लागली नसेल.

त्यांचे मला सर्वांत मोठे वाटणारे यश धर्मराजाचे आहे. खाडिलकर टिळकांच्या अगदी जवळचे, ‘केसरी’चे लेखक, कट्टर जहाल. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. नाटक त्याच्या आधीचे, म्हणजे दोन्ही गट एका घरात राहून एकमेकांवर दात खात होते तेव्हाचे. अशा वेळी मवाळांना पळपुटे म्हणून रंगवायला कितीसे कष्ट होते? पण पात्र म्हणून त्यांनी निवडला धर्मराज. धर्मराजाला मराठी माणूस हसू शकतो, त्याच्यावर चिडू शकतो. त्याला भेकड मात्र म्हणू शकत नाही. भीमाला तोंडाने कितीही लाव्हा ओकू दे, थोरल्या भावाचा शब्द मोडून तो हात उगारत नाही. आधी सामोपचार करून पाहायचा, तो फसला हे सर्वांना दिसू द्यायचे, मग पुढचे पाऊल. जहालांच्या नाटककाराने मवाळांना दिलेला हा मान आहे. प्रतिस्पर्ध्याला उपमा देताना त्याची उंची कापायची नाही, हा संयम त्या काळातही सोपा नव्हता.

प्रयोगाबद्दलही सांगायला हवे. तो काळ संगीत नाटकाचा. नाटक म्हणजे पदे, पदांना वन्समोअर, आणि त्या मध्यंतरात कथेचा ताण सैल होणे. महाराष्ट्र नाटक मंडळी गद्य नाटके करणारी. ‘कीचकवधा’त प्रेक्षकाला गाण्याच्या सावलीत बसायची सोय नव्हती, अपमान सुरू झाला की तो संपेपर्यंत सहन करणे भाग होते. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकावर लिहिले आणि पुढे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी तो मजकूर आपल्या पुस्तकात घेतला. तो लिहिणारा नाटकाचा शत्रू होता, पण त्याने नाटकगृहाकडे फार नीट पाहिले होते. कीचकाचे चाळे पाहताना आठ्या पडलेले पुरुषांचे चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांच्या डोळ्यांत आलेले पाणी, धर्मराजाच्या सबुरीबद्दलची चीड, आणि कीचक मेल्यावर सगळ्या थिएटरभर पसरलेला समाधानाचा हुंकार, हे सारे त्याने टिपले आहे. मराठी नाटकाला मिळालेल्या उत्तम अभिप्रायांत मी हा शत्रूचा अभिप्राय धरतो. मंचावर कोणतेही नाव उच्चारले जात नाही आणि तरी सगळ्यांना कळते, हेही त्याने लिहिले आहे. सरकारला नाटकाचे जे भय वाटले ते याचेच. नाव घेतले असते तर लेखकाला धरता आले असते. न घेतलेले नाव हजार लोकांच्या डोक्यात होते, त्यांच्यावर खटला कसा भरणार?

पण नाशिकमध्ये खटला भरला गेला होता, आणि तो कवितांवर होता.

नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीच्या परिसरात सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी गटाची मंडळी जमत. त्यांच्यातलेच कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर. पायांनी अधू, शिक्षण बेताचे, आणि शब्दांवर असे प्रभुत्व की त्यांचे पोवाडे आणि पदे मेळ्यांतून गावभर होत. बाबाराव सावरकरांनी १९०८ मध्ये अशा कवितांची पुस्तिका छापली. कवितांत देव होते, दैत्य होते, शिवाजी महाराज होते. इंग्रज कुठे होते? ते दैत्यांच्या जागी होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी बाबारावांचा खटला वरच्या कोर्टात पाठवला, आणि ९ जून १९०९ रोजी चार कवितांपायी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

अपील मुंबई हायकोर्टात गेले, ते न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर यांच्यापुढे. हे चंदावरकर म्हणजे प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, अस्सल मवाळ. मराठी कविता त्यांना भाषांतरकाराच्या मदतीने वाचायची गरज नव्हती. त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि निकाल दिला की देवांची आणि वीरांची नावे हे केवळ निमित्त आहे, कवितेचा खरा मजकूर तलवार उचला हा आहे. शिक्षा कायम झाली. वाचन म्हणून ते अचूक होते, हे आज मान्य करायला हरकत नाही. चार कविता छापल्या म्हणून माणसाला जन्मभर अंदमानात पाठवायचे, हा मात्र त्या वाचनातून निघणारा निष्कर्ष नव्हता. तो कीचकाच्या राज्यातला न्याय होता. चंदावरकरांना विराटाच्या सभेत कोणत्या आसनावर बसवायचे, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मला ते विराटाच्या आसनावर दिसत नाहीत. मला ते कंकाच्या आसनावर दिसतात, पण या कंकाने वेष कायमचा घातलेला आहे.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात जॅक्सन यांच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे याने तिथे त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना ठाण्याला फाशी झाली. जॅक्सन हे संस्कृत जाणणारे, गुजरातच्या इतिहासावर काम केलेले, लोककथांची टिपणे जमवणारे गृहस्थ होते. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली. पुराणकथा लोकांच्या मनात कशा जिवंत असतात याचा अभ्यास करणारा माणूस, पुराणकथेला राजद्रोह ठरवणाऱ्या खटल्यातला दुवा झाला आणि थिएटरात मारला गेला. नाशिकच्या या घटनेनंतर सरकारने मराठी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि नाटके नव्या डोळ्यांनी वाचायला घेतली. तीन वर्षे चाललेला ‘कीचकवध’ बंद झाला.

इथे मला खाडिलकरांच्या बाजूने सगळेच बोलता येत नाही. पुराणातली तुलना एकटी येत नाही. ती आपला शेवट बरोबर घेऊन येते. कीचक म्हटले की वध आलाच, तो तर नाटकाच्या नावातच आहे. खाडिलकरांनी त्यांच्या कथेतल्या वधाचा अर्थ काय धरला होता, जुलमी सत्तेचा शेवट की जुलमी माणसाचा, हे नाटक खुले ठेवते, आणि खुले ठेवण्याचे स्वातंत्र्य कलाकृतीला असलेच पाहिजे. कान्हेरेने पिस्तूल उचलले त्याची कारणे पुष्कळ होती, बाबारावांची शिक्षा हे त्यांतले मोठे. त्याचा भार नाटकावर टाकणे अन्यायाचे होईल. तरी जो माणसाला कीचक म्हणतो, त्याने भीमाची जागा तयार करून ठेवलेली असते, हे नाकारता येत नाही. खाडिलकर ही जबाबदारी जाणून होते असे मला वाटते, कारण त्यांचा भीम शेवटपर्यंत परवानगीसाठी अडून राहतो. आणि त्यांनी स्वतः किंमत मोजली. नाटकावर बंदी आली, पुढे ‘नवाकाळ’मधल्या लिखाणासाठी १९२९ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली.

हे मनात ठेवून आजच्या तुलनांकडे वळले की त्यांची पोकळी लक्षात येते. ‘अफजलखानाची फौज’ म्हणणारा आपण होऊन शिवाजी महाराजांच्या जागी जाऊन उभा राहतो. ‘अब्दाली’ म्हणणारा पानिपतावरच्या मराठ्यांच्या जागी. ‘औरंगजेब फॅन क्लब’ म्हणणारा संभाजी महाराजांच्या बाजूला. या जागा कोणी दिल्या? शिवाय या सगळ्या कथांना त्यांचे शेवट आहेत: प्रतापगड, पानिपत, तुळापूर. बोलणाऱ्याला त्यातला एकही शेवट अभिप्रेत नसतो, असा माझा विश्वास आहे. ते उद्या एकमेकांशी युती करतील, याआधी केलेलीही आहे. म्हणजे कथेचा आरंभ उचलायचा, शेवट टाकून द्यायचा आणि मधली सभा तर पाहायचीच नाही. औरंगजेब म्हणताना नेमके काय म्हणायचे आहे? बापाला कैद करणे, १६७९ चा जिझिया, की दख्खनेत पाव शतक घालवून, तिजोरी रिकामी करून, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरणे? यांतल्या प्रत्येकातून एक वेगळा आणि गंभीर आरोप उभा राहू शकतो. तो आरोप मांडायला कष्ट पडतात. नुसते नाव फेकायला पडत नाहीत. आणि फेकलेल्या नावाचे तुकडे व्यासपीठावरच्या माणसाला लागत नाहीत. ते गल्लीतल्या, त्या नावाशी धर्माने जोडल्या गेलेल्या, कोणत्याही सत्तेत नसलेल्या माणसाला लागतात.

अपवादही दाखवला पाहिजे. जून २०१८ मध्ये अरुण जेटली यांनी आणीबाणीवर लिहिताना इंदिरा गांधींची तुलना हिटलरशी केली आणि काँग्रेसने संताप व्यक्त केला. नाव ऐकून संताप येणे स्वाभाविक होते. हिटलरच्या छळछावण्यांची बरोबरी आणीबाणीशी होऊच शकत नाही. पण जेटली यांनी नावावर काम भागवले नव्हते. जर्मन राज्यघटनेचे ४८ वे कलम आणि आपले ३५२ वे, विरोधी सदस्यांना तुरुंगात घालून संसदेतले बहुमत हाताळणे, वृत्तपत्रांवरची बंधने, असे एकेक कलम त्यांनी जुळवून दाखवले होते. लोकशाहीच्या घटनेचाच दोर करून लोकशाहीचा गळा कसा आवळता येतो, हा त्या तुलनेचा मुद्दा. ज्या नाशिकरोडच्या कारागृहात आणीबाणीतले राजबंदी राहिले, तिथल्या भिंतींपाशी उभे राहून हा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. आणि मुद्दा रचनेचा असल्यामुळे तो लेखकाच्या हातात राहत नाही: उद्या कोणीही तीच मोजपट्टी जेटली यांच्या पक्षाच्या सरकारला लावू शकतो, लावतोही. खरी तुलना अशीच असते. ती केल्यावर करणारा स्वतःही तिच्या कक्षेत येतो.

‘कीचकवधा’वरची बंदी पुढे उठली. त्याआधीच, १९२० मध्ये, बाबूराव पेंटरांनी त्याच कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अंगावर येणारे झाले की सेन्सॉरने ते कापायला लावले. संवाद नसलेल्या चित्रपटातही कीचकाचीच भीती वाटली. १८७६ चा तो नाट्यप्रयोगांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे पुस्तकात राहिला. २०१७ च्या निरसन विधेयकाने तो गेला.

नाटकाचे नाव वधापाशी थांबते. विराटपर्व थांबत नाही. कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला स्मशानात नेतात. भीम त्यांनाही मारतो. नगरात घबराट पसरते. मग इतके दिवस काहीच न केलेला विराट पहिल्यांदा हुकूम सोडतो. तो राणीला सांगतो, की त्या सैरंध्रीला म्हणावे, तुला हवे तिकडे जा, राजाला तुझी भीती वाटते. ज्या बाईला त्याच्या सभेत लाथ बसली, तिलाच तो राज्याबाहेर जायला सांगतो. द्रौपदी फक्त तेरा दिवसांची मुदत मागते, कारण अज्ञातवास संपायला तेवढेच उरलेले असतात.

नाशिकमध्ये चांगले हौशी संघ आहेत, कालिदास कलामंदिराची रंगभूमी आहे. त्यांतल्या कोणी ‘कीचकवध’ पुन्हा बसवायचे मनावर घेतले तर कीचकाला कोणाची दाढी, कोणाचे जाकीट, कोणाची बोलण्याची ढब द्यायची या मोहात त्यांनी पडू नये. वधानंतरचा हा एक प्रवेश त्यांनी जोडावा, आणि त्यातल्या विराटासाठी आपल्या संघातला सर्वांत ताकदीचा नट राखून ठेवावा.